आरशाच्या खेळात पुढे कोण असतं?

नाट्यशिबिराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी हमखास घेतला जाणारा खेळ म्हणजे आरसा. दोघं समोरासमोर उभे राहतात. एक जण हात, मान, खांदे हलवतो आणि दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. मग भूमिका बदलतात. शेवटी शिक्षक सांगतात, "आता कुणीच पुढे नाही, दोघंही आरसा." मुलं गोंधळतात, खिदळतात. पण काही जोड्यांचं असं जुळून येतं, की हालचाल कुणाकडून निघाली हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, आणि करणाऱ्यालाही. पालकांना हा सगळा टाइमपास वाटतो. संवाद कधी पाठ करून घेणार, एवढीच त्यांना काळजी!

या टाइमपासची रीतसर मोजणी इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत लिओर नॉय, उरी अलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांचा शोधनिबंध २०११ साली आला. उत्स्फूर्त सादरीकरणात मुरलेले नट आणि वादक त्यांनी समोरासमोर आणले, प्रत्येकाच्या हाती रुळावर पुढे-मागे सरकणारी एकेक मूठ दिली आणि दोन्ही मुठींची हालचाल बारकाईने नोंदवली. एकाला म्होरक्या नेमलं, की मागून येणाऱ्याचा हात म्होरक्याच्या वेगाभोवती सेकंदाला दोन-तीन वेळा डुगडुगायचा. मागे पडलो म्हणून जोर लावायचा, पुढे गेलो म्हणून आवरायचं, असं ते सतत चाललेलं असे. म्होरक्याच काढून टाकला तर? तर अनेकदा दोघांचे हात ४० मिलिसेकंदांपेक्षाही कमी फरकाने एकत्र चालायचे, आणि तेही आधी न ठरवलेल्या, नव्या हालचालींत.

हा आकडा किती लहान आहे ते पाहा. काहीतरी दिसलं आणि हात हलला, एवढ्या साध्या गोष्टीला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे इथे नक्कल चाललेलीच नव्हती, नकलेला तेवढा वेळच नव्हता. समोरच्याचा हात आता कुठे जाणार याचा अंदाज दोघांचेही मेंदू आधीच बांधत होते, आणि ते अंदाज एकमेकांशी जुळत होते. संशोधकांनी मांडलेलं गणिती प्रारूपही हेच सुचवतं.

असा अंदाज बांधता येतो, कारण आपला हात मुळात बेशिस्त नसतो. तामर फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी १९८५मध्ये दाखवलं, की एका जागेहून दुसरीकडे जाताना हात शक्य तितके कमी हिसके देतो. त्याचा वेग हळूहळू चढतो, मध्यावर सर्वांत जास्त होतो आणि तसाच उतरतो. त्यामुळे सुरुवात दिसली, की पुढचं बरंचसं कळतं. "हळू करा, समोरच्याला चकवू नका" असं शिक्षक ओरडतात, ते याच कारणाने योग्य आहे. हिसका दिला, की अंदाजाचा धागाच तुटतो.

हालचालीतून माणूस वाचण्याची आपली ताकद किती आहे, हे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गुनार योहान्सन यांनी १९७३मध्ये दाखवलं. त्यांनी माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा प्रकाशबिंदू लावले आणि बाकी सगळा अंधार ठेवून चित्रण केलं. स्थिर चित्रात लोकांना नुसते विखुरलेले ठिपके दिसले. ठिपके हलू लागताच, सेकंदाचा पाचवा भागही पुरला, चालणारा माणूस दिसला. पुढच्या प्रयोगांत तर अशा ठिपक्यांवरून लोकांनी ओळखीच्यांची चाल ओळखली, नाचातली भावनाही ओळखली. चेहरा नाही, कपडे नाहीत, नेपथ्य नाही. हौशी नट चेहऱ्यावर 'एक्स्प्रेशन' आणण्यात सगळी शक्ती खर्च करतात, तेव्हा मला हे ठिपके आठवतात. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला भुवई दिसत नाही, चाल दिसते.

आणि पाहण्याचा करण्याशी संबंध आहे. लंडनमध्ये बॅले नर्तकांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. तालमीत मात्र दोघंही एकमेकांच्या हालचाली रोज पाहतात. तरीही मेंदूच्या स्कॅनमध्ये, स्वतः करत असलेली हालचाल पाहताना हालचालीशी संबंधित काही भाग जास्त सक्रिय झाले. म्हणजे नुसतं पाहून डोळा पूर्ण तयार होत नाही, अंगानेही ती गोष्ट केलेली असावी लागते. बाकावर बसून शरीरभाषेवरचं व्याख्यान ऐकण्याची मर्यादा इथे कळते.

व्याख्यानावरून आठवलं : "संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि देहबोली ५५" हे व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांतलं लाडकं वाक्य आहे. ते ज्यांच्या नावावर खपतं त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द ऐकवले होते आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच विचारलं होतं. हे आकडे सगळ्या संवादाला लागू नाहीत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. तसे ते असते, तर नाटककारांना मानधन तरी कशाला द्यायचं?

'नाट्यशास्त्रा'त आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा) आणि आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) यांच्या जोडीला सात्त्विक, म्हणजे आतून उमटणाऱ्या भावांचा अभिनय आहे. स्वेद म्हणजे घाम, रोमांच, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू असे त्याचे आठ भाव. आजच्या भाषेत यांतले बरेचसे स्वायत्त, म्हणजे आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेच्या अखत्यारीत येतात, आणि तिला हुकूम सोडता येत नाही. आडवाटेने मात्र जाता येतं. पॉल एकमन, रॉबर्ट लेव्हेन्सन आणि वॉलेस फ्रिझेन यांनी १९८३मध्ये अनुभवी नटांना भावनेचं नाव न घेता, भुवया वर, ओठ ताणा, अशा फक्त स्नायूंच्या सूचना दिल्या. तेवढ्यानेही हृदयाचे ठोके आणि बोटांचं तापमान बदललं. प्रत्येक भावनेची स्वतंत्र शारीरिक खूण असते, हा त्यांचा मोठा दावा मात्र नंतरच्या अभ्यासांत तितका टिकला नाही.

दुसरी आडवाट श्वासाची. तो आपोआप चालतो आणि आपल्या ताब्यातही येतो. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित उतरतो, म्हणून विंगेत उभं राहून लांब उच्छ्वास करायला सांगतात. पण रक्तात आलेलं अॅड्रेनलिन ओसरायला काही मिनिटं जातातच, तेव्हा हा उद्योग तिसऱ्या घंटेच्या बराच आधी सुरू करावा. आणि नवख्या नटाच्या हाती पहिल्याच प्रवेशात कपबशी देऊ नये.