टपाली मतं ‘चुरस असेल तरच’ मोजतात का?

‘टपाली मतं फक्त अटीतटीच्या लढतीत मोजतात, एरवी गठ्ठे तसेच पडून राहतात’ हा फॉरवर्ड लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक निवडणुकीत फिरतो.

प्रत्यक्षात १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार (५४ए) टपाली मतं आधी हाताळायची असतात, विजयाचा फरक कितीही असो. मोजणी सुरू होण्याच्या ठरल्या वेळेनंतर आलेलं पाकीट मात्र उघडतच नाहीत.

बाहेरचं पाकीट म्हणजे नमुना १३सी. ते उघडलं की आत दोन गोष्टी हव्यात: १३ए हे मतदाराचं घोषणापत्र आणि मतपत्रिकेचं बंद पाकीट १३बी. घोषणापत्रच नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यातला मतपत्रिकेचा अनुक्रमांक १३बीवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर १३बी न उघडताच मत बाद. बरीच मतं इथेच जातात. घाईत लोक घोषणापत्र आतल्या पाकिटात कोंबतात!

योग्य घोषणापत्रं वेगळी सीलबंद झाल्यावरच १३बी उघडतात, म्हणजे नाव आणि मत एकत्र दिसत नाही. खूण नसलेली किंवा एकाहून जास्त उमेदवारांना खूण केलेली मतपत्रिका या टप्प्यावर बाद होते.

गैरसमजाचं मूळ बहुधा फेरतपासणीत असावं. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर ती बाद मतं पुन्हा तपासतात. फेरतपासणी सशर्त आहे, मोजणी नाही.

खात्री करायची तर आपल्या मतदारसंघाचा नमुना २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक, पाहा. त्यात टपाली मतांची उमेदवारनिहाय ओळ वेगळी असते, एकतर्फी निकालातही.