गहू कधी पेरायचा? ब्रिटिश शेतीच्या एका पेचाची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या पूर्व भागात, म्हणजे लिंकनशायर, केंब्रिजशायर, एसेक्सकडे, सप्टेंबर सरत आला की शेतकऱ्यांना एकच प्रश्न पडलेला असतो. गहू आत्ता पेरायचा, की आणखी तीन आठवडे थांबायचं? जमीन अजून उबदार आणि कोरडी असते, त्यामुळे उगवण हमखास होते. पण त्याच उबेत ब्लॅकग्रास हे गवतवर्गीय तणही उगवतं. थांबलं तर ते उगवल्यावर मारता येतं. मात्र मधल्या काळात पाऊस लागला, तर चिकण रानात ट्रॅक्टर घालायची सोय राहत नाही.

आपल्याकडचा रब्बीचा गहू नोव्हेंबरात पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तिकडचा गहू शरदात पेरला की थेट ऑगस्टात कापणीला येतो, म्हणजे जवळजवळ दहा महिने रानात असतो. या जातींना थंडी सोसल्याशिवाय ओंबी धरता येत नाही. एवढे महिने पीक उभं, म्हणून त्याच्यासोबत उगवलेल्या तणालाही तेवढेच महिने मिळतात. पुढचा सगळा इतिहास या गोष्टीभोवती फिरतो.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावच्या जमिनीचे बहुधा तीन भाग असत. एका भागात शरदातला गहू किंवा राय हे धान्य, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं जव, ओट, वाटाणा किंवा बाकला, आणि तिसरा पड. दरवर्षी पाळी बदलायची. पड ठेवलेलं रान उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा नांगरलं जाई, आणि तण संपवण्याचा तोच मुख्य उपाय होता. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्सटन गावात ही खुल्या शेतांची पद्धत आजही चालू आहे.

अठराव्या शतकात नॉरफोकची चार पिकांची फेरपालट लोकप्रिय झाली: गहू, सलगम, जव, क्लोव्हर (एक द्विदल चारापीक). रेनमचे जमीनदार टाउनशेंड यांनी सलगमाचा एवढा पुरस्कार केला की लोक त्यांना ‘टर्निप टाउनशेंड’ म्हणू लागले. क्लोव्हरमुळे जमिनीत नत्र येई आणि सलगमावर हिवाळ्यात मेंढरं जगत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सलगम ओळीत असलं की मधून कोळपणी करता येते, म्हणजे रान पड न टाकताही तण निघतं, याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. माझ्या मते या फेरपालटीचं खरं बळ तिथे होतं.

ओळीत पेरण्याचं श्रेय इंग्रज जेथ्रो टल यांना देतात. त्यांचं पेरणीयंत्र १७०१ च्या सुमाराचं. मात्र १७९५ मध्ये कॅप्टन थॉमस हॅल्कॉट या इंग्रज अधिकाऱ्याला दक्षिण हिंदुस्थानात शेतकरी पाभरीसारख्या अवजारानं सर्रास पेरताना दिसले. ही युरोपची नवी कल्पना आहे असा त्याचा तोवर समज होता. त्याने तसं विलायतेला लिहून कळवलं, ही नोंद आपल्या माणसांना माहीत असायला हवी.

१८४२ मध्ये जॉन बेनेट लॉज यांनी सुपरफॉस्फेट या खताचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी हार्टफर्डशायरमधल्या आपल्या रोथॅमस्टेड इस्टेटीवर जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्या साथीनं ब्रॉडबॉक या शेतात प्रयोग मांडला. काही पट्ट्यांना शेणखत, काहींना वेगवेगळी रासायनिक खतं आणि एका पट्ट्याला काहीच नाही. या शेतात १८४३ च्या शरदापासून आजतागायत गहू पेरला जातो आहे. खताच्या बळावर गव्हावर गहू घेता येतो, हे ब्रॉडबॉकनं दाखवलं. पण त्याची किंमतही तिथेच दिसली. सुरुवातीला तण हातानं काढत. पहिल्या महायुद्धानंतर मजूर परवडेनात आणि तण इतकं माजलं की १९२० च्या दशकात शेताचे भाग आळीपाळीनं पड ठेवावे लागले. खतानं उत्पन्न टिकतं, पण एकच पीक सतत घेतलं तर तणावर काहीतरी उतारा शोधावाच लागतो. पुढे पन्नास-साठ वर्षांनी सगळ्या देशानं जे भोगलं, ते या एका शेतात आधीच लिहून ठेवलं होतं.

मधला काळ पडता होता. १८४६ मध्ये परदेशी धान्यावर जकात लावणारे धान्य कायदे रद्द झाले. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या माळरानांवरचा स्वस्त गहू आला, सुएझ कालव्यामुळे हिंदुस्थानचा गहूही विलायतेत पोचू लागला, आणि १८७९ च्या पावसानं पीक बुडवलं. कितीतरी रानं गवताखाली गेली. दुसऱ्या महायुद्धात ती सरकारी समित्यांच्या देखरेखीखाली पुन्हा नांगरली गेली आणि १९४७ च्या कृषी कायद्यानं हमीभाव दिला.

त्याच सुमाराला आयसीआय कंपनीच्या जेलॉट्स हिल केंद्रात शोधलेलं एमसीपीए हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांची तणं मारत असे आणि गव्हाला धक्का लावत नसे. गवतवर्गीय तणांनाही लावत नसे. तरी ती आटोक्यात होती, कारण तोवर वसंतातल्या जवाचं राज्य होतं. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये जवाचं क्षेत्र गव्हाच्या दुपटीहून जास्त होतं.

१९७० नंतर मात्र चित्र पालटलं. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेलं आणि गव्हाला पक्का भाव मिळू लागला. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेनं ‘मॅरिस हंट्समन’सारख्या भरघोस जाती दिल्या, मग ‘हॉबिट’सारख्या बुटक्या जाती आल्या. त्यांचा बुटकेपणा जपानच्या ‘नोरिन १०’ या गव्हाकडून आलेला. आपल्या हरित क्रांतीतल्या गव्हाचंही मूळ तेच. आखूड काडाचं पीक लोळत नाही, म्हणून नत्र वाढवता आलं. नत्रानं पीक दाट झालं, त्यात बुरशी बळावली, आणि बुरशीसाठी औषधं आली. गवतवर्गीय तणं मारणारी आयसोप्रोट्युरॉनसारखी औषधंही मिळाली.

१९७४ मध्ये डच शास्त्रज्ञ झाडोक्स आणि सहकाऱ्यांनी पिकाच्या वाढीचे टप्पे आकड्यांत बांधले, आणि तारीख पाहून नव्हे तर झाड पाहून काम करण्याची शिस्त आली. आजही ब्रिटिश शेतकरी ‘टी-वन’, ‘टी-टू’ याच भाषेत बोलतो. कांडी धरताना, वरून तिसरं पान निघतं तेव्हा बुरशीनाशकाची पहिली मुख्य फवारणी. ओंबीखालचं शेवटचं पान पूर्ण उलगडलं की दुसरी. आणि ओंबी बाहेर पडल्यावर तिसरी. दाणे भरतात ते मुख्यतः या वरच्या पानांच्या जोरावर, म्हणून सेप्टोरिया बुरशीच्या करप्यापासून ती जपायची.

या सगळ्यामुळे शरदातला गहू इतका फायद्याचा झाला, की वसंतातली पिकं मागे पडली आणि पेरणी सप्टेंबरात सरकली. युद्धकाळात हेक्टरी अडीच टनांच्या आसपास असलेलं उत्पन्न शतक संपताना आठ टनांवर गेलं. शतकभर गहू आयात करणारा देश १९८० च्या दशकात निर्यात करू लागला. हे यश खोटं नव्हतं. पण फेरपालटीत जे काम ऋतू करत होता, ते सगळं औषधांच्या गळ्यात पडलं होतं.

ब्लॅकग्रासचं सुमारे ८० टक्के बी शरदात उगवतं, म्हणजे नेमकं गव्हाबरोबर. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये औषधाला न जुमानणारं ब्लॅकग्रास पहिल्यांदा आढळलं. धसकटं जाळण्यावर १९९३ पासून बंदी आली, ती प्रदूषणाच्या दृष्टीनं योग्यच होती. पण जाळात मरणारं तणाचं बी आता शेतातच राहू लागलं. २००९ मध्ये आयसोप्रोट्युरॉन वापरातून गेलं. निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांवर २०१३ मध्ये निर्बंध आले, २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापर बंद झाला. त्याचा फटका दोन पिकांना बसला. फेरपालटीत गव्हाला सोबत करणारं रेप, म्हणजे मोहरीसारखं पिवळ्या फुलांचं तेलबियांचं पीक, भुंगेऱ्यांनी पोखरलं जाऊ लागलं, आणि लवकर पेरलेल्या गव्हात माव्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूचा धोका वाढला.

म्हणून आता पावलं मागे वळली आहेत. शेतं तयार करून ठेवायची, तण उगवू द्यायचं, मारायचं आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरायचं. फार माजलेल्या रानात गहू सोडून वसंतातलं जव घ्यायचं किंवा काही वर्षं गवत ठेवायचं. ब्लॅकग्रासचं मातीतलं बहुतेक बी तीन-चार वर्षांत मरतं, त्यामुळे नवं बी पडू दिलं नाही तर रान खरोखर सुधारतं.

२०१९ च्या शरदात थांबलेल्यांची परीक्षा झाली. पाऊस उघडेचना. कितीतरी रानांत गहू पेरलाच गेला नाही, आणि २०२० चं देशाचं गव्हाचं उत्पादन एक कोटी टनांच्या खाली गेलं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचं सर्वांत कमी. तेव्हापासून अनेक शेतकरी सरसकट एक तारीख ठरवत नाहीत. तण नसलेली आणि लवकर चिखल होणारी रानं आधी पेरतात, ब्लॅकग्रासची मागे ठेवतात, आणि ज्यांचा भरवसा नाही त्यांच्यासाठी जवाचं बियाणं आधीच आणून ठेवतात.