क्रोशेकाम

क्रोशेकाम : टोकाला आकडी असलेल्या एकाच सुईने अखंड धाग्याचे फास एकातून एक ओढून वीण तयार करण्याची हस्तकला. लोकर, सूत, रेशीम तसेच ॲक्रिलिकसारखे कृत्रिम धागे तिच्यात चालतात. रुमाल, बाळमोजे, टोप्या, बटवे, पुस्तकखुणा, फुले आणि आत कापूस भरलेली खेळणी या वस्तू घरगुती छंद म्हणून विशेष केल्या जातात. शाली, पांघरुणे, पडदे अशी मोठी कामेही होतात, पण त्यांतली बरीचशी लहान तुकडे जोडूनच पुरी होतात. लहान वस्तूंकडे असलेला हा कल विणीच्या रचनेतच आहे.

दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे असतात. एखादा निसटला की वीण खालपर्यंत उसवत जाते. क्रोशात प्रत्येक टाका पुढचा सुरू होण्याआधी पुरा होतो आणि सुईवर एकच फास उरतो. (लांब सुईवर ओळभर फास धरून ठेवणारे ट्युनिशियन क्रोशे हा याला अपवाद.) त्यामुळे काम हवे तिथे थांबवता येते, फास जरा लांब ओढून ठेवला की सुई काढून घेतली तरी बिघडत नाही. दिशेचेही बंधन नाही. ओळ संपवून उलटे फिरता येते, मध्यापासून गोल वाढवता येते, विणलेल्या कडेत कुठेही सुई घालून नवा भाग काढता येतो. चुकले तर धागा ओढून हवे तेवढे उसवावे आणि तोच धागा पुन्हा विणावा.

मूळ टाके मोजकेच आहेत. त्यांची मराठी नावे शिकवणाऱ्यागणिक थोडीफार बदलतात. फासातून धागा ओढला की साखळी. खालच्या टाक्यात सुई घालून धागा वर काढला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढला की मुका खांब. सुई घालण्यापूर्वीच तिच्यावर एक वेढा घेतला तर तीन फास होतात आणि ते दोन-दोन करून सोडवले की खांब. वेढे वाढवावेत तसा खांब उंच होतो. नव्या ओळीच्या सुरुवातीला उंची गाठण्यासाठी मुक्या खांबाला साधारण एक, तर खांबाला तीन साखळ्या घालतात. इंग्रजी नमुने वाचताना मात्र सावध राहावे लागते, कारण ब्रिटिश पद्धतीत ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात तो अमेरिकन पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ असतो आणि पुढचे सर्व टाके असेच एका पायरीने सरकतात. जपानी नमुन्यांत शब्दांऐवजी प्रमाणित चिन्हांची आकृती असते; ती भाषा न येणाऱ्यालाही वाचता येते.

उगम : क्रोशेच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. डॅनिश संशोधिका लिस पालुदान यांनी प्रचलित तर्क तीन गटांत मांडले आहेत : अरबस्तानात उगम होऊन व्यापारी मार्गांनी पूर्वेला तिबेटपर्यंत व पश्चिमेला स्पेनपर्यंत प्रसार, दक्षिण अमेरिकेतील आदिवासींची विधींच्या वेळी घालण्याची आभूषणे, आणि चीनमधील विणलेल्या बाहुल्या. तिन्हींच्या बाजूने ठाम म्हणावा असा पुरावा नाही, हे पालुदान यांनीच नोंदवले आहे. यूरोपात १८०० पूर्वी क्रोशे प्रचलित असल्याच्या खात्रीलायक खुणा त्यांना आढळल्या नाहीत. ॲनी पॉटर यांच्यासारख्या काही लेखिका सोळाव्या शतकापर्यंत मागे जातात. परंतु त्या काळातील ‘साखळी लेस’सारखे उल्लेख नेमके कोणत्या तंत्राचे आहेत हे वस्तू समोर असल्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणून हे मत जपूनच स्वीकारावे लागते.

जुन्या वस्तूंच्या ओळखीतही घोटाळे झालेले आहेत. ईजिप्तमध्ये सापडलेले, सर्वसाधारणपणे इ.स. तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील मानले जाणारे लोकरी मोजे (अंगठा वेगळा असलेले) कधी विणकामाचे, कधी क्रोशेचे म्हणून दाखवले जात. प्रत्यक्षात ते नालबाइंडिंग या निराळ्या तंत्राचे आहेत. त्यात नेढे असलेल्या सुईने धाग्याचा आखूड तुकडा प्रत्येक फासातून पूर्ण ओढून घेतात, म्हणून ती वीण एका टोकाने ओढून उसवत नाही. क्रोशे उसवते. संग्रहालयातील वस्तू अर्थातच कोणी उसवून पाहत नाही. धाग्याचा मार्ग भिंगाखाली तपासावा लागतो. उसवण्याच्या याच गुणामुळे जुने नमुने टिकले नसावेत, असाही विचार करता येतो. जीर्ण झालेल्या वस्तूचा धागा पुन्हा कामी लागत असेल, तर पुरावाच नाहीसा होतो. मात्र पुरावा नसणे हे प्राचीनतेचे प्रमाण होऊ शकत नाही.

भरतकामाशी असलेले नाते त्या मानाने भक्कम आहे. चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या खाली धागा धरायचा, वरून बारीक आकडीची सुई टोचून तो फासाच्या रूपाने वर ओढायचा आणि पुढचा फास त्यातून काढायचा, ही आरीकामाची रीत. गुजरात-कच्छमधील मोची कारागीर ती चामड्यावर व रेशमावर करीत आणि त्यांचे काम सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीमार्फत इंग्लंडला जाई. अठराव्या शतकात गोल चौकटीवरचे असेच भरतकाम ‘तांबूर’ या नावाने फ्रान्समध्ये व नंतर यूरोपभर उच्चवर्गीय स्त्रियांत लोकप्रिय झाले. त्यातली कापडावरची साखळी आणि क्रोशेची सुटी साखळी यांची रचना एकच आहे. शतकाच्या अखेरीस कोणीतरी कापड बाजूला ठेवून साखळी अधांतरीच विणली असावी, असे बहुतेकांचे अनुमान आहे. फ्रेंच भाषेतील ‘हवेतील क्रोशे’ ही संज्ञा त्याला पुष्टी देते.

तरीही तांबूर हे एकमेव मूळ मानणे अवघड आहे. तांबूरची सुई अतिशय बारीक व टोकदार असते. याउलट स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया आणि बाल्कन प्रदेशात घरी बनवलेल्या चपट्या आकडीने जाड लोकरीची घट्ट वीण घालण्याची ग्रामीण परंपरा होती. तिच्यात उंच खांब नसतात. फास थेट फासातून सरकवतात. मोजे, हातमोजे, टोप्या अशा ऊबदार वस्तू तीत होत. एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश लेखिकेच्या आठवणींत ‘मेंढपाळी विणकाम’ असा तिचा उल्लेख येतो. तो १८१२ मधील म्हणून सर्वत्र उद्धृत होतो, पण त्या आठवणी कित्येक दशकांनी लिहिल्या गेल्या आणि १८९८ मध्ये प्रकाशित झाल्या, हे उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत. दिवाणखान्यातील तांबूर आणि मेंढपाळांची आकडी असे दोन प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिसळले, हे मत उपलब्ध साधनांशी अधिक जुळते.

आजच्या अर्थाने क्रोशेचा पहिला ज्ञात छापील नमुना पेनेलोपे या डच नियतकालिकात १८२३ मध्ये (काहींच्या मते १८२४) आला. त्यातील रंगीत चित्रात पाच बटवे असून त्यांपैकी तीन रेशमी धाग्याने क्रोशेत करायचे आहेत : एक जाळीचा, एक अर्धवट जाळीचा आणि एक भरीव विणीचा. म्हणजे छापील क्रोशेची सुरुवातच मुठीत मावणाऱ्या वस्तूपासून झाली. कपड्यांचे नमुने पुढे आले.

प्रसार : १८४० नंतर इंग्लंडमध्ये नमुन्यांच्या पुस्तिकांचा पूर आला. एलेओनोर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर (१८२८–८७) यांचे नाव यात अग्रक्रमाने घेतले जाते. जुन्या सुई-लेसचा (साध्या सुई-दोऱ्याने टाके घालून केलेल्या लेसचा) आभास क्रोशेत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते; त्या काळी आयर्लंडमध्ये तशी लेस अनेक हातांनी घडत होती, त्यामुळे हे श्रेय एकट्या व्यक्तीचे कितपत, याबद्दल शंका राहते. आयर्लंडमधील महादुष्काळात (१८४५–५२) कॉर्कजवळील अर्सुलाइन जोगिणींनी आणि क्लोन्स येथे तेथील धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी गरीब कुटुंबांना ही कला शिकवून उत्पन्नाचे साधन दिले. गुलाब, पाने, शॅमरॉक (त्रिदल पान) असे नक्षीचे तुकडे जाडसर दोरीवर सुटे विणायचे आणि मग जाळीने जोडायचे, अशी ही पद्धत होती. तुकडे वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या हातांनी होत. भारतात आंध्रमधील नरसापूरला मिशनऱ्यांमार्फत आलेली क्रोशे लेस निर्यात-व्यवसाय बनली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मधील अभ्यासात दाखवल्याप्रमाणे तेथील स्त्रियांचे दिवसभराचे श्रम ‘फावल्या वेळचे काम’ म्हणून गणले जात आणि मोबदला त्याच हिशेबाने मिळे. फावल्या वेळी हातात घेता येणारे, कुठेही थांबवता येणारे काम म्हणून क्रोशे छंदाला सोयीचे ठरले. घरबसल्या स्वस्तात काम करून घेण्यालाही तेच सोयीचे ठरले. कौतुकपर लेखनात ही दुसरी बाजू क्वचितच येते.

छंदाला बळ मिळाले ते धाग्यामुळे. गिरणीचे स्वस्त सूत आधी आले. जॉन मर्सर यांची १८४४ च्या सुमाराची सुतावरील कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया १८९० मध्ये होरेस लो यांनी धागा ताणून धरून सुधारली, तेव्हा सुताला रेशमासारखी चकाकी आली. अमेरिकेत ग्रॅनी स्क्वेअर म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या चौकोनाचा नमुना १८८५ मध्ये छापलेला आढळतो. मधोमध छोटे कडे, त्यात तीन-तीन खांबांचे गट, चार कोपऱ्यांत गटांची जोडी, एवढाच त्याचा विस्तार; उरलेसुरले धागे संपवण्यास तो आदर्श. १९६०–७० च्या दशकांत ॲक्रिलिक धाग्यांबरोबर तो पुन्हा सर्वत्र दिसू लागला. मधल्या काळाची माहिती मुख्यतः स्त्रियांच्या मासिकांतून मिळते. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरी या संकेतस्थळामुळे नमुने शोधणे व नोंदवणे सोपे झाले.

वर्तुळ आणि गोल वस्तू : लहान वस्तूंचे बरेचसे कौशल्य टाके वाढवण्या-घटवण्यात आहे. मुका खांब जवळजवळ रुंदीएवढाच उंच असतो. प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढला पाहिजे. व्यवहारात सहा टाके वाढवतात आणि फेऱ्यांचा क्रम ६, १२, १८, २४ असा चालतो. खांब सुमारे दुप्पट उंच, म्हणून त्याला प्रत्येक फेरीत बारा. वाढ कमी पडली तर वीण वाटीसारखी वळते, जास्त झाली तर कडेला झालर पडते. वाढीचे टाके दरवेळी एकाखाली एक आले तर वर्तुळाचा षट्कोन होतो. नवशिक्यांची गोल बैठक सहा कोपऱ्यांची दिसते ती यामुळेच. वाढीच्या जागा एका आड एक फेरीत सरकवल्या की कोपरे जातात.

अमिगुरुमी या जपानी प्रकारातील भरीव प्राणी व बाहुल्या याच हिशेबावर उभ्या आहेत. आवळता येणाऱ्या फासात सहा मुके खांब, मग वाढीच्या फेऱ्या, मध्ये काही फेऱ्या न वाढवता आणि शेवटी उलट क्रमाने घट. फेऱ्या न जोडता सर्पिलाकार विणल्याने सांधा दिसत नाही, पण फेरी कुठे सुरू झाली तेही दिसत नाही, म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवतात. सुई धाग्याच्या मानाने एक-दोन क्रमांक बारीक घेतात, नाहीतर भरलेला कापूस भोकांतून डोकावतो.

झालर पडण्याचा दोष गणितात उपयोगी पडला. कॉर्नेल विद्यापीठातील लॅट्व्हियन गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन अतिपरवलयी (हायपरबोलिक, म्हणजे मध्यापासून दूर जाताना झालरीसारखे पसरत जाणाऱ्या) प्रतलाचे टिकाऊ प्रारूप विणले. त्याआधीची कागदी प्रारूपे लगेच फाटत. त्यातून प्रेरणा घेऊन मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या भगिनींनी २००५ मध्ये क्रोशेच्या प्रवाळ-भित्तीचा सामूहिक प्रकल्प आरंभला. हिंके ओसिंगा व बेर्न्ट क्राउसकोफ या गणितज्ञांनी लोरेन्झ समीकरणांशी (हवेच्या अनियमित हालचालींच्या अभ्यासातून आलेल्या) निगडित एक पृष्ठ २५,५११ टाक्यांत विणून २००४ मध्ये प्रसिद्ध केले.

यंत्रे व प्रकृती : ‘क्रोशे यंत्र’ म्हणून गिरण्यांत वापरले जाणारे यंत्र वस्तुतः ताणा-विणकामाचे (उभ्या ताण्याच्या अनेक धाग्यांचे फास एकमेकांत अडकवणारे) असून त्याची वीण क्रोशेसारखी केवळ दिसते. खरी क्रोशे वीण घालणारी यंत्रे प्रायोगिक अवस्थेपलीकडे फारशी गेलेली नाहीत. मनःस्वास्थ्याबाबत ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी घेतलेल्या ८,००० हून अधिक लोकांच्या ऑनलाइन पाहणीत बहुसंख्यांनी या छंदाने शांत वाटत असल्याचे सांगितले. उत्तरे देणारे मुळातच क्रोशेप्रेमी होते, हे लक्षात घेतल्यास निष्कर्षाला मर्यादा पडते. सलग काम केल्यास मनगट व अंगठा दुखतो. जाड मुठीच्या सुया त्यासाठी निघाल्या आहेत.

टॅटिंग (छोट्या धोट्याने गाठी मारून केलेली लेस), मॅक्रमे (दोऱ्यांच्या गाठींचे काम), लोकरीचे गोंडे यांसारख्या घरगुती कला क्रोशेच्या जोडीने शिकल्या जातात, तरी त्यांची तंत्रे स्वतंत्र आहेत. काम संपल्यावर धागा कापून शेवटच्या फासातून ओढतात आणि उरलेले टोक रफूच्या सुईने विणीतच दोन-तीन वेळा उलटसुलट फिरवतात. केवळ गाठ मारून कापलेले टोक धुण्यात बाहेर येते. रुमाल व जाळीकाम ओले करून टाचण्यांनी ताणून वाळवल्यावरच नक्षी उघडते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना प्लास्टिकचे डोळे किंवा बटणे न लावता डोळे धाग्यानेच भरतात.