पावसाळ्यात बटेराची पिल्लं कवचातच का दगावतात?

तापमान बरोबर, अंडी ताजी, वेळच्या वेळी फिरवलेली. तरी सतराव्या दिवशी पिल्लं कवचातच मरतात. नवी मुंबईच्या जुलैत असं घडलं, तर मला आधी शंका येते ती अंडी उबवण्याच्या मशीनमधल्या (इन्क्युबेटरमधल्या) पाण्याच्या ट्रेची.

आपण पाळतो तो बटेर म्हणजे जपानी लावा. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढल्याने त्याची मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, म्हणून इन्क्युबेटर लागतो. आत ३७.५ अंश सेल्सिअस, दिवसातून तीन-चारदा अंडी फिरवायची, सतरा-अठरा दिवसांत पिल्लं. गडबड होते ती दमटपणात.

कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, पाण्याची वाफ बाहेर जाते. ती जायलाच हवी. तिने रिकामी केलेली जागा अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी म्हणून वाढत जाते, आणि कवच फोडण्याआधी पिल्लू आतला पापुद्रा चोचीने भेदून पहिला श्वास घेतं तो याच पोकळीत. वाफ अडली की पोकळी छोटी राहते. पिल्लू सुजलेलं, ओलंगच्च; त्याला आत वळायलाही जागा उरत नाही.

आता हवेचं गणित पाहा. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे ती धरू शकते त्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के वाफ तिच्यात आहे तो आकडा, घसरते. वाशीतल्या एखाद्या खोलीत पावसाळ्यात २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांवर सुमारे ५२ टक्क्यांवर येते. पहिल्या चौदा दिवसांना एवढी पुरते; ट्रे कोरडाच ठेवावा. जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि ४० टक्के असेल, तर आत जेमतेम २६ टक्के. तेव्हा मात्र पाणी हवंच. मशीनसोबतच्या पत्रकातलं ‘ट्रे भरा’ हे वाक्य ऋतू पाहत नाही.

खात्री करायची तर वजन करा. बटेराचं कवच ठिपकेदार, त्यामुळे टॉर्चच्या उजेडात पोकळी नीट दिसत नाही. काटा जास्त भरवशाचा. वीस अंडी मिळून २२० ग्रॅम असतील, तर चौदाव्या दिवसापर्यंत २२ ग्रॅमच्या आसपास घट यायला हवी. फारच कमी आली, तर हवा दमट आहे.

शेवटचे तीन दिवस नियम उलटतो. अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ६५-७० टक्के. आता हवा कोरडी राहिली तर पापुद्रा चिवट होऊन पिल्लाला जखडतो, म्हणून झाकण उघडायचा मोह आवरा. या दिवसांत अंडी एकमेकांना चिकटून असू द्यावीत. १९६०च्या दशकात संशोधक मार्गारेट विन्स यांनी दाखवून दिलं, की आतली पिल्लं टकटक आवाज करतात आणि शेजारच्या अंड्यातली टकटक जाणवली की मागे पडलेली पिल्लं वेग घेतात. पुढे पिल्लू बोथट टोकाभोवती गोल फिरत कवच कापतं आणि टोपी ढकलून बाहेर येतं.

अंगठ्याएवढं हे पिल्लू पुरतं सुकेपर्यंत मशीनमध्येच राहू द्या. पोटातल्या बलकावर त्याचा दिवस निघतो. नंतर ऊब दिलेल्या खोक्यात हलवा आणि पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका. एवढ्याशा पाण्यातही पिल्लं बुडून मरतात.