डांबरगोळी, मामा आणि एक जनुक

पावसाळ्यात गोव्यातलं कुठलंही जुनं कपाट उघडा, दमट वासात मिसळलेला डांबरगोळीचा वास येतोच. त्याच कपाटात थोरल्याची झबली-दुपटी धाकट्यासाठी जपून ठेवलेली असतात. बहुतेक बाळांना त्या वासाने काही होत नाही. एखादं मात्र दोन-चार दिवसांत पिवळं पडतं, लघवी चहासारखी काळसर होते.

त्या बाळात जी६पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं विकर घडवता येत नाही. अस्थिमज्जेतून निघताना मिळालेली शिदोरीच सुमारे १२० दिवस पुरवायची. विकर तोकडं असेल तर डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनचा मारा तिला सोसत नाही आणि ती फुटते. म्हाताऱ्या पेशी आधी. एरवी हा माणूस ठणठणीत असतो, म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो.

या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याकडे एकच एक्स असतं, म्हणून त्याला ते आईकडून येतं, बापाकडून नाही. आईला सहसा त्रास नसतो, कारण तिच्याकडे दुसरं एक्स असतं. आजीकडून तेच जनुक मामालाही आलेलं असू शकतं. म्हणून अशा बाळाच्या घरी मी आधी मामाची चौकशी करीन : त्याला लहानपणी कधी मोठी कावीळ झाली होती का, एखाद्या औषधाने लघवी काळी झाली होती का?

जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही उणीव आहे, आणि ती मुख्यतः हिवतापाच्या मुलखांत आढळते. गोवा त्यातलाच. साथींनी ओस पडलेलं जुनं गोवं मागे टाकून १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, त्या साथींत हिवतापही होता. ही उणीव गंभीर हिवतापापासून काहीसं संरक्षण देते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. भारतात सापडणाऱ्या तिच्या एका प्रकाराचं नावच ‘केरळ-कल्याण’ आहे.

पण हिवतापाचंच एक औषध या लोकांना बाधतं. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या प्रकाराचे जंतू यकृतात दडून बसतात. त्यांना मारायला १४ दिवस प्रायमाक्विन देतात. त्याने काहींचं रक्त का फुटतं, याचं मूळ या विकरात असल्याचं १९५६ मध्ये उलगडलं. गोळ्या सुरू होण्याआधी साधी रक्ततपासणी मागायला संकोच करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

रक्त नुकतंच फुटलं असताना केलेली तपासणी मात्र फसवू शकते. म्हाताऱ्या पेशी गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत विकर जास्त असतं. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.