कुचकामी ठरवलेल्या लहरी आणि हॅम रेडिओची ओढ

१९१२ साली अमेरिकेने रेडिओचा कायदा केला तेव्हा छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्या हौशी मंडळींच्या वाट्याला २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी आल्या. यात उदारपणा काहीच नव्हता. लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो, अशी त्या काळच्या जाणकारांची पक्की समजूत होती. म्हणून लांब लहरी नौदलाने आणि कंपन्यांनी घेतल्या, आणि आखूड लहरी कुचकामी म्हणून हौशी लोकांना देऊन टाकल्या. हॅम म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रावरून दूरच्या लोकांशी संपर्क साधणारे हे हौशी लोक; हॅम रेडिओत एवढं काय आहे, असं विचारणाऱ्याला मी आधी ही गोष्ट सांगतो. कारण पुढच्या बारा वर्षांत याच लोकांनी दाखवून दिलं की खरा खजिना आपल्याच हाती लागला आहे.

सुरुवात अगदी लहान होती. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांना आपला संदेश शेजारच्या स्प्रिंगफील्ड शहरापर्यंतही पोचवता येत नव्हता. मधल्या गावातल्या एका हौशी माणसाने तो पुढे पाठवला. त्यातून १९१४ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली. महायुद्धानंतर व्हॉल्व्हचे ट्रान्समीटर आले आणि डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली यांना रिसीव्हर देऊन स्कॉटलंडला धाडलं. आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर, थंडीपावसात तंबू ठोकून बसलेल्या गॉडलींना अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे मोर्स संकेत ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे लेऑं देलुआ आणि कनेक्टिकटचे फ्रेड श्नेल व जॉन रेनार्ट्झ यांचं सुमारे ११० मीटरवर दुतर्फा बोलणं झालं. आणि १८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेल यांच्याशी संपर्क साधला. बेल होते शॅग व्हॅलीतल्या मेंढ्यांच्या कुरणावर, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १८ एप्रिलचा जागतिक हौशी रेडिओ दिन तिच्या नावाने पाळला जातो.

या लहरी एवढ्या दूर जातात त्या आकाशामुळे. सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर तयार होतात, तेच आयनांबर. आखूड लहरी तिथून वळून पुन्हा जमिनीकडे येतात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर उतरतात. दिवसा लहरींच्या लांबीचा एक पट्टा खुलतो, रात्री दुसरा. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. ते भरात असलं की दहा मीटरच्या पट्ट्यात चार-पाच वॅटवरही खंड ओलांडता येतात, आणि ओसरलं की तोच पट्टा कितीतरी दिवस मुका राहतो. मला विचाराल तर या छंदाचा जीव इथे आहे. फोनवर आपण ठरवलेल्या माणसालाच गाठतो. इथे ‘सीक्यू’, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’, अशी हाक घालायची. उत्तर पुण्यातून येईल, सायबेरियातून येईल, किंवा येणारही नाही. आणि ज्या तारेच्या ॲन्टेनाने ते साधलं ती आपणच कापून, सोल्डर करून गच्चीवर बांधलेली असते.

भारतात हे लोण लवकर आलं. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे १९२१ मधले देशातले पहिले परवानाधारक मानले जातात. मुंबईत जून १९२३ मध्ये रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रसारित केले. अधिकृत प्रसारण कंपनीचं मुंबई केंद्र सुरू व्हायला १९२७ उजाडावं लागलं. म्हणजे आपल्याकडेही आधी हौशी आले, मग सरकारमान्य व्यवस्था.

दुसरं महायुद्ध सुरू होताच परवाने रद्द झाले. याच काळात, ऑगस्ट १९४२ मध्ये, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचा ट्रान्समीटर उभारण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओच्या जाणकाराचा मोठा हात होता. पोलिसांना चुकवत जागा बदलत हे केंद्र नोव्हेंबरपर्यंत चाललं. ते बोलत होतं ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झवर. आज भारतातले हॅम ज्या ४० मीटरच्या पट्ट्यात रोज गप्पा मारतात, त्याच्या आतच ही जागा येते. युद्धकाळात राज्यकर्ते सर्वांत आधी हौशी लोकांचे ट्रान्समीटर का बंद करतात, हे यावरून कळावं. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, महूच्या लष्करी सिग्नल शाळेच्या परिसरात हौशी रेडिओची देशपातळीवरची संस्था सुरू झाली.

पुढे या छंदाची खरी परीक्षा डिसेंबर २००४ मध्ये अंदमानात झाली. तिथून कित्येक वर्षं कुणी हॅम बोलला नव्हता, त्यामुळे जगभरातले लोक त्या बेटांशी संपर्क साधायला टपलेले होते. भारती प्रसाद या हॅमच्या पुढाकाराने एक चमू परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला गेला आणि जगाला उत्तरं देऊ लागला. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बाकीची यंत्रणा कोलमडली असताना त्याच यंत्रांवरून बेटं आणि मुख्य भूमी यांच्यात निरोप जाऊ लागले. छंद म्हणून नेलेली सामग्री आणि कमकुवत संकेत कानांनी टिपायची सवय, दोन्ही तयार होती म्हणूनच ते जमलं.

हौशी उपग्रहांची वाट १९६१ च्या ‘ऑस्कर-१’ पासून सुरू होते. ५ मे २००५ ला इस्रोने हॅम मंडळींसाठीचा हॅमसॅट सोडला. त्यातला एक ट्रान्सपाँडर, म्हणजे जमिनीवरचा संकेत घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र, एका डच हॅम विद्यार्थ्याने बनवला होता. २२ जून २०१६ ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ कक्षेत गेला. एका ठिकाणाहून संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा, हे त्याचं काम. मॅक्सिम यांची रिलेचीच कल्पना, फक्त मधला माणूस आकाशात.

२०१७ मध्ये आलेल्या एफटी-८ या डिजिटल पद्धतीने मात्र हॅम मंडळींत वाद लावला आहे. ती बनवणाऱ्यांपैकी जो टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते आणि स्वतः हॅम. कानाला ऐकूही न येणारा संकेत संगणक उलगडतो, आणि कॉल साइन (प्रत्येक हॅमचं ठरलेलं सांकेतिक नाव) व संकेताची ताकद कळवून पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत संपर्क पुरा होतो. अनेक जुन्या हॅमना यात माणूसच उरत नाही असं वाटतं. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं: उंच इमारतींच्या गर्दीत, खिडकीबाहेर हातभर तार लावून बसलेल्या मुंबईकराला ब्राझील गाठायचा तोच एक मार्ग असतो, आणि ती तार किती कापायची हे अजून त्यालाच ठरवावं लागतं.