पाच गिगाहर्ट्झ आणि पुण्याच्या भिंती

‘नेट स्लो चाललंय’ या एका तक्रारीत दोन वेगळे आजार दडलेले असतात. एक रस्त्यावरून घरात येणाऱ्या फायबरचा आणि दुसरा राउटरपासून आपल्या फोनपर्यंतच्या वीस-तीस फूट हवेचा. उपाय शोधण्याआधी यांतला नेमका कोणता आहे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजणे पुरते. ही मोजणी एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास करावी, कारण सगळी इमारत एकाच वेळी मालिका आणि सामने पाहू लागली की सामायिक वाहिनीवरचा ताण तेव्हाच उघडा पडतो. मोजताना एककाचा घोळही टाळावा. १०० मेगाबिटच्या प्लॅनमध्ये फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट या वेगानेच उतरते; त्यात फसवणूक काही नाही, आठ बिटांचा एक बाइट होतो एवढेच.

माझ्याकडे २०० मेगाबिटचा प्लॅन असताना केबलवरही आकडा ९४ च्या पुढे सरकत नव्हता आणि दोन महिने मी कंपनीला दोष देत होतो. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटच्या, म्हणजे १००० मेगाबिटच्या, वेगाला चारही लागतात, १०० मेगाबिटला मात्र दोनच पुरतात. उरलेल्या दोनांतली एक जोडी तुटली की बहुधा दोन्ही टोकांची यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात. दोष टोकाला नीट न दाबलेल्या कनेक्टरचा होता. वेग नव्वदच्या थोडा वर येऊन हटकून अडत असेल, तर आधी केबल बदलून पाहावी.

केबलवर वेग पुरेसा आणि फोनवर अपुरा असेल, तर दोष हवेत आहे. घरातले वाय-फाय मुख्यतः रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांत चालते, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या, आणि प्रत्येक पट्ट्याचे चॅनल नावाचे तुकडे पाडलेले असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जेमतेम ८३ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात तेरा चॅनल दाखवले जात असले तरी शेजारच्या चॅनलमध्ये केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर आणि प्रत्येकाची रुंदी मात्र सुमारे २०, त्यामुळे एकमेकांवर न चढणारी जागा तिघांनाच मिळते: १, ६ आणि ११. कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीत फोन उघडला की शेजाऱ्यांच्या राउटरांची पंधरा-वीस नावे दिसतात. ती सगळी या तीन जागांत दाटीवाटीने बसलेली असतात. वाय-फायचा शिष्टाचार असा की प्रत्येक यंत्राने आधी ऐकायचे, चॅनल मोकळा असेल तरच बोलायचे. त्यातच दूरच्या खोलीतला, क्षीण सिग्नलचा फोन सावकाश बोलतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना थांबावे लागते. म्हणूनच फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या असूनही व्हिडिओ अडखळतो: रेघा आवाज किती मोठा ते सांगतात, बोलायला पाळी कधी येईल ते सांगत नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तेव्हा राउटर त्याच्या शेजारी ठेवू नये. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी उभारताना शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर असणे हा जागा निवडण्याचा एक निकष होता. आपल्याला त्यासाठी घर बदलता येत नाही, पट्टा मात्र बदलता येतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. भारतात २०१८ साली या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाला. या लहरींची लांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे २.४ च्या साडेबारा सेंटीमीटरच्या निम्म्याहून कमी. त्या भिंतीत अधिक शोषल्या जातात, आणि इथे पुण्याची घरे आपापला स्वभाव दाखवतात. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत त्यांना दमवते. वाकड-हिंजवडीकडच्या मायवान पद्धतीच्या (साच्यांत काँक्रीट ओतून उभारलेल्या) इमारतींत तर आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात, त्यामुळे दिवाणखान्यातला ५ गिगाहर्ट्झ शेवटच्या बेडरूमपर्यंत पोहोचता पोहोचता गळून जातो. मात्र जी भिंत आपला सिग्नल अडवते तीच शेजाऱ्याचाही अडवते. माझ्या मते दाट वस्तीत ५ गिगाहर्ट्झचा खरा गुण वेगापेक्षा हा दुबळेपणाच आहे.

त्यामुळे राउटरच्याच खोलीतला किंवा एका भिंतीपलीकडचा टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवावा. दाराची स्मार्ट बेल, स्मार्ट प्लग यांसारख्या वस्तू २.४ वर राहू द्याव्यात. त्यांतल्या बऱ्याच जणींना दुसरा पट्टा कळतच नाही. २.४ वर चॅनलची रुंदी ४० करण्याचा मोह टाळून २० च ठेवावी, कारण तीन जागांपैकी दोन एकट्याने अडवल्या तर टकराव वाढतो आणि वेग उलट घटतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल आणि फोन आडमुठेपणाने २.४ लाच चिकटून राहत असेल, तर नावे वेगळी करावीत.

राउटर टीव्हीच्या युनिटमध्ये, लोखंडी कपाटामागे किंवा फिशटँकच्या आडोशाला नको. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषते. तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला असावा. काँक्रीटच्या भिंतींच्या घरात बिनतारी एक्स्टेंडर मला पटत नाही: बरेचसे एक्स्टेंडर एकाच चॅनलवर ऐकतात आणि तेच पुन्हा बोलून दाखवतात, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा भिंतीतल्या रिकाम्या पाइपातून लॅन केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले नेट तिथे वाय-फायने पसरवण्यासाठी, बसवावा. इंटिरिअरचे काम सुरू असतानाच इलेक्ट्रिशियनला तेवढे सांगून ठेवले, तर पुढे भिंत फोडावी लागत नाही.